दूधवाल्याच्या गाण्याची पट्टी

"गाण्यात तो म्हणतो काय? सकाळी दूधवाला येईपर्यंत तुझ्यापाशी बसतो. आणि गातो कसा? जशी काही बाहेर बस सुटायला उभी आहे!" ड्रुसिलाने इस्पिकची राणी टेबलावर आपटली. "बसायला आलायस ना, मग बूड टेकव की मेल्या!"

"तुला प्रेमातलं काही कळलं असतं तर तुझे तीन नवरे पळाले नसते," ऑर्विल हातातल्या पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाला. "अगं, घाई आहे म्हणूनच ते गाणं आहे. उजाडणार, पोरीचा बाप उठणार, बंदूक काढणार. पोराचा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून तर आवाज तसा वर चढलाय."

"पळाले दोन. तिसऱ्याला मी हाकललं. उतारी तुझी आहे, उतर."

ऑर्विल पेटवेच्या तळघरात हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की दोघांचीही वाक्यं मला पाठ आहेत. ऑर्विल मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. तळघराच्या तीन भिंती त्याने रेकॉर्डनी भरल्या होत्या आणि चौथ्या भिंतीशी त्याच्या बायकोचं कपडे धुवायचं मशीन होतं, तेवढीच तिची जागा. ड्रुसिलाचं डेक्स्टर रस्त्यावर केस करायचं दुकान. मी शाळेत गाणं शिकवायचे. आता चर्चमध्ये मुलांना शिकवते. मला सगळे मिस विनी म्हणतात. आमचं तिघांचं आणि अधूनमधून येणाऱ्या आणखी दोघा-चौघांचं मिळून 'सेंट ऑबिन्स मित्रमंडळ'.

सेंट ऑबिन्स म्हणजे सेंट ऑबिन रस्त्यावरची चार पोरं. त्यांचं 'शंभर रविवार' हे गाणं ठाऊक नाही असा माणूस आमच्या डेट्रॉईटमध्ये सापडायचा नाही. लग्न त्याच्याशिवाय लागत नाही. पण मंडळात वाद व्हायचा तो त्यांच्या दुसऱ्या गाण्यावरून. 'दूधवाला येईपर्यंत'. ते रेडिओवर थोडे आठवडे वाजलं, यादीच्या मध्यावर पोचलं, आणि उतरलं. ऑर्विलच्या मते ते 'शंभर रविवार'च्या दहापट सरस. ड्रुसिलाच्या मते ते वाजवलं नसतं तर कोणाचं काही अडलं नसतं.

आणि ड्रुसिलाकडे एक हुकमाचा एक्का होता. क्लेमंट रड, चौघांतला मुख्य गायक, ज्याच्या उंच, पातळ आवाजावर बायका जीव टाकायच्या, त्याने हे गाणं स्टेजवर एकदासुद्धा म्हटलं नाही. लोक ओरडून मागायचे. तो हसायचा आणि दुसरं सुरू करायचा.

"ज्याने गायलं त्यालाच लाज वाटते," ड्रुसिला म्हणायची, "आणि तू निघालास कैवार घ्यायला."

यावर ऑर्विल पत्ते पिसायला घ्यायचा.

त्या मंगळवारी मात्र वादात नेहमीचा दम नव्हता. क्लेमंट रविवारी गेला होता. बाकीचे तिघं आधीच गेलेले. शनिवारी आमच्याच चर्चमध्ये त्याला निरोप द्यायचा होता. त्याच्या बायकोने, अर्लीनने, मला फोन करून एक चमत्कारिक गोष्ट सांगितली होती. अर्लीनशी त्याने उतारवयात लग्न केलं. गाण्याचे दिवस तिने पाहिलेले नाहीत. ती म्हणाली, "मिस विनी, शेवटच्या दिवसांत त्याने एकच मागणं केलं. 'शंभर रविवार' नको. 'दूधवाला येईपर्यंत' म्हणा. आता ते म्हणणार कोण, ते तुम्ही मंडळी बघा."

मी हे सांगितल्यावर ऑर्विलने घसा खाकरला. तो का खाकरला ते आम्हा दोघींना कळलं. चाळीस वर्षं तो हे गाणं कपडे धुवायच्या मशीनला गाऊन ऐकवत आला होता.

तेवढ्यात वरची घंटा वाजली.

ऑर्विलच्या बायकोने ज्याला खाली पाठवलं तो माणूस सत्तरीचा असेल. रुंद खांद्यांचा, करडी हॅट हातात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला. "मी थर्मन गेन्स. टोलेडोहून आलो. क्लेमची बातमी पेपरात वाचली. चर्चमधल्या बाईंनी सांगितलं, गाण्याचं तुम्ही बघताय."

"बघतोय," ऑर्विल म्हणाला. "मग?"

"मला गायचं आहे त्याच्यासाठी. ते दूधवाल्याचं." त्याने हॅट या हातातून त्या हातात घेतली. "ते मीच गायलं होतं. रेकॉर्डवर."

ड्रुसिलाने पत्ते पालथे ठेवले. ऑर्विलच्या मानेवरची शीर मला टेबलाच्या या बाजूने दिसली.

आमच्या संशयाला कारण होतं. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या जुगारघरात 'मूळ सेंट ऑबिन्स' म्हणून चौघं आले होते. चमचमते कोट, पाठ केलेल्या आठवणी. आम्ही हार नेले, गळ्यात पडलो, फोटो काढले. पुढे कळलं की त्यातला सर्वांत धाकटा, 'शंभर रविवार' निघालं तेव्हा जन्मलाच नव्हता. तो फोटो पेपरात छापून आला, आणि ऑर्विलला कारखान्यातले जुने दोस्त अजून विचारतात, "काय रे, नवीन सेंट ऑबिन्स कधी येतायत?"

"बसा," ऑर्विल म्हणाला. त्या 'बसा'त बसण्यासारखं काही नव्हतं. "फोटोत तर तुम्ही नाही आहात कुठे."

"नाही. मी त्या चौघांतला नव्हतोच. क्लेम आणि मी एका चर्चमध्ये गायचो. रेकॉर्ड करायची वेळ आली आणि क्लेमचा घसा धरला. आवाजच फुटेना. कंपनीने तारीख घेतलेली. क्लेम म्हणाला, तू गा, कोणाला बोलू नकोस, मी बरा झालो की परत मीच गाईन. मग मला सैन्यातून बोलावणं आलं. परत आलो तो टोलेडोला काचेच्या कारखान्यात लागलो."

"सोयीची गोष्ट आहे," ड्रुसिला म्हणाली. "साक्षीदार सगळे वर गेलेत."

"हो, मॅडम. तशीच आहे."

"रेकॉर्डच्या मधल्या कागदी चकतीचा रंग कोणता?" ऑर्विलने विचारलं.

"हिरवा... नाही, निळा असेल. मला रेकॉर्ड मिळालीच नाही कधी."

"मरून रंगाची. ड्रम कोण वाजवत होतं?"

"नाव नाही आठवत. एक जाडा माणूस होता. सारखा सँडविच खायचा."

"जाडा!" ऑर्विल माझ्याकडे वळला. "ऐकलंत, मिस विनी? त्यांचा ड्रमवाला फुंकर मारली तर उडेल असा होता. आंधळ्यालासुद्धा माहीत आहे."

मलाही त्या माणसाचा भरवसा वाटत नव्हता. पण मी म्हटलं, "विचारताय कशाला एवढं? गाऊ दे की त्यांना."

माझ्या पर्समध्ये सूर धरायची गोल शिट्टी नेहमी असते. रेकॉर्डवरच्या गाण्याला सर्वांत जवळचा सूर पांढरी सहाचा, म्हणून मी तो फुंकला. त्याने ऐकला, मान हलवली, आणि स्वतःशीच गुणगुणत खाली घसरला. एक पायरी, अर्धी पायरी. मग थांबला आणि डोळे मिटून गायला लागला.

झोपलेलं मूल खांद्यावरून गादीवर ठेवावं तसं ते गाणं त्याने ठेवलं. खर्जातला, रुंद, सावकाश आवाज. शब्द तेच. पण दूधवाला आमच्या गल्लीत नव्हे, पार दुसऱ्या गावात असावा अशी चाल.

दुसऱ्या ओळीला ऑर्विल हसला. "अहो, ही अंगाई आहे! पोरगी झोपेल. बाप येऊन पांघरूण घालेल."

त्याने रेकॉर्ड लावली. "याच्याबरोबर गा."

थर्मनने प्रयत्न केला. तो पहिल्याच उंच जागी गेला आणि त्याचा आवाज कच्च्या दोरीसारखा तुटला. पुन्हा केला, पुन्हा तुटला. रेकॉर्डवरचा तरुण आवाज मात्र त्याला मागे टाकून धावत पुढे निघून गेला.

"झालं," ऑर्विलने सुई उचलली. "साहेब, माफ करा. क्लेमंटला आम्ही शेवटचा निरोप देतोय. तिथे तमाशा नको."

म्हातारा वाद घालेल असं मला वाटलं होतं. लबाड माणूस इथे आवाज चढवतो. हा फक्त रेकॉर्डकडे बघत राहिला, जशी ती एखादी दूरची नातेवाईक असावी आणि ओळख पटत नसावी. "मी तर असंच गायलो होतो," तो म्हणाला. मग दारापाशी वळला. "क्लेमने कधी माझं नाव काढलं होतं का? कोणाजवळ?"

"कधीच नाही," ऑर्विल म्हणाला.

"बरं." त्याने हॅट घातली. "शनिवारी मागे बसलो तर चालेल ना? चर्च तर सगळ्यांचं असतं."

तो गेल्यावर ड्रुसिला म्हणाली, "पुतण्याच्या लग्नात जेवायला घुसणारे पाहिलेत. मयतीत गायला घुसणारा हा पहिलाच."

ऑर्विलने पुन्हा घसा खाकरला. आणि मला वाटून गेलं, ह्याला तो माणूस खोटा वाटला, की खोटा असलेला बरा वाटला?

घरी आल्यावर ते मला सोडेना. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर नक्कल करणारं मूल मी लांबून ओळखते. नक्कल करणारा शेजाऱ्याची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवतो. शाईचा डागही उतरवतो. जुगारघरातल्या त्या चौघांनी हेच केलं होतं. एकूण एक उत्तर बरोबर. ह्या माणसाचं काहीच बरोबर नव्हतं. ज्याला फसवायचं आहे त्याने निदान रेकॉर्ड तरी चार वेळा ऐकली नसती का? तिच्या वेगाने गायला नसता का? पण मग वाटायचं, आळशी लबाडही असतातच. वर्गात ते जास्त असतात.

गुरुवारी दुपारी मुलांची तालीम होती. मागे 'ऊ-ऊ' करायचं आणि ओळीच्या शेवटी 'येईपर्यंत' म्हणून साथ द्यायची, एवढंच त्यांचं काम. शाळेने टाकून दिलेलं माझं रेकॉर्डचं जुनं यंत्र चर्चच्या तळघरात आहे. त्याला वेग कमीजास्त करायची एक गोल खुंटी आहे. नाच शिकवताना लहान मुलांच्या पायांना झेपेल असा वेग करता यावा म्हणून. मी ऑर्विलकडून आणलेली रेकॉर्ड लावली. जनाया पियानोवर सूर शोधत बसली. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला सूर सापडला नाही की राग येतो.

"मिस विनी, पियानो बिघडलाय."

"काय झालं बाळा?"

"ही पट्टी लावली की खाली वाटतं. ही लावली की वर वाटतं. मधली पट्टीच नाहीये."

मी हे गाणं शिकवलं की दर वेळी कोणीतरी मूल हे म्हणतं, आणि दर वेळी मी सांगते, "पियानो ठीक आहे, रेकॉर्डच दोन पट्ट्यांच्या फटीत पडलीय. पांढरी सहाच्या वर आणि काळी पाचच्या खाली." आताही मी तेच सांगितलं. आणि सांगता सांगता माझाच हात थांबला.

गाणारी माणसं फटीत गात नाहीत. त्यांच्याजवळ पियानो असतो, गिटार असते. ती कुठल्यातरी पट्टीवर उभी असतात. त्यातून आमच्या चर्चमध्ये कानाने शिकलेला माणूस काळ्या पट्ट्यांत सुखी असतो. मंगळवारी तो म्हातारा माझ्या शिट्टीवरून खाली घसरला होता. एक पायरी, अर्धी पायरी, असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे अर्धीच. पांढरी सहावरून काळी चार.

"मुलांनो, जरा गप्प बसा," मी म्हटलं. "बाईंना एक खोडी करायची आहे."

मी जनायाला काळी चार दाबून धरायला सांगितली आणि खुंटी हळूहळू मागे फिरवली. गाणं जड होत गेलं. उंच आवाज पायऱ्या उतरायला लागला. ड्रम सावकाश झाले. टाळ्या टिकटिकत होत्या त्या माणसांच्या हातांच्या टाळ्या झाल्या. आणि जिथे पियानोचा सूर आणि रेकॉर्ड एकमेकांत मिसळून गेले, तिथे मी हात काढून घेतला.

झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं कोणीतरी गात होतं. तरुण होता. पण तो करड्या हॅटवाला होता.

मुलं आपोआप डोलायला लागली. जनाया म्हणाली, "आता पियानो सुधारला."

मी ते यंत्र गाडीत घातलं आणि तडक ऑर्विलकडे गेले. ड्रुसिलालाही दुकानातून उचललं. एका गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं राहिलं होतं, त्याबद्दल ती वाटभर बोलत होती.

तळघरात मी दोघांना तेच ऐकवलं. ऑर्विलने हाताची घडी घातली.

"मिस विनी, तुमचा मान ठेवून बोलतो. त्या खुंटीने कोणाचाही कोणीही करता येईल. आणखी फिरवा, तो मी होईन. त्याहून फिरवा, माझा बैल होईल."

"आणि म्हातारपणी आवाज सगळ्यांचेच खाली जातात," ड्रुसिला म्हणाली. "पूर्वी मी वरच्या सुरात गायचे. आता फोनवर लोक मला साहेब म्हणतात."

"बरोबर आहे दोघांचं," मी म्हटलं. वर्गात मूल चुकीचं पण विचार करून बोललं तर मी आधी शाबासकी देते. "आता रेकॉर्ड उलटी करा."

मागच्या बाजूला क्लेमंटचंच एक साधं गाणं होतं. खुंटी तशीच ठेवून मी ते लावलं. क्लेमंट झोपेत बरळल्यासारखा गायला लागला. ड्रुसिलाला हसू फुटलं. मग मी खुंटी मूळ जागी आणली आणि शिट्टी फुंकली. काळी एक. क्लेमंट बरोबर त्या सुरावर उभा होता, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"ह्या बाजूला यंत्र खरं बोलतं," मी म्हटलं. "मग त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला गाणं फटीत का पडतं? कारण ती बाजू कंपनीत कोणीतरी वेग वाढवून पळवलीय. खर्जातल्या माणसाचा आवाज वर ओढलाय, क्लेमंटसारखा वाटावा म्हणून. आता सांगा ऑर्विल, ज्याने ही रेकॉर्ड नुसती ऐकलीय त्याला खरी पट्टी आणि खरी चाल कुठून कळणार? तुम्हाला चाळीस वर्षांत कळली?"

ऑर्विल पुढे आला. त्याने स्वतः रेकॉर्ड उलटली, स्वतः खुंटी फिरवली, आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकलं.

ड्रुसिला मात्र खुर्चीत बसली होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "हं. हा बसलाय."

"काय?"

"ह्याने बूड टेकवलंय. हा खरंच सकाळपर्यंत थांबणार आहे."

"आणि म्हणून," ऑर्विल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणून क्लेमंट स्टेजवर म्हणायचा नाही. ते त्याचं नव्हतंच." मग त्याने आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं मी कोणाच्या बाजूने भांडलो?"

"रेकॉर्ड पळवणाऱ्या मशीनच्या," ड्रुसिला म्हणाली. तिला त्यात आनंद वाटला असणार, पण दाखवला नाही. "आणि मी मशीनला शिव्या दिल्या. फिटंफाट."

"पण तो ड्रमवाला जाडा नव्हता," ऑर्विल म्हणाला. "ते मी ऐकून घेणार नाही."

थर्मन गेन्स कुठे उतरला आहे ते आम्ही विचारलंच नव्हतं. शुक्रवारभर शोधलं. टोलेडोच्या त्याच्या घरी फोन वाजत राहिला. म्हणून शनिवारी मी चर्चच्या दारातच उभी राहिले. लोक येत होते, टोप्या, पंखे, मिठ्या. आणि तो आला. शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला, हॅट मांडीवर ठेवून बसला. मी ऑर्विलला खूण केली.

आम्हाला येताना पाहून त्याने हॅट घट्ट धरली. "मागे बसणार म्हणून सांगितलं होतं मी."

"मागे नाही," मी म्हटलं. "तुम्ही गायचं आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ऑर्विलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मंगळवारी आम्ही त्याला पाहत होतो, अगदी तसंच. "का? मंगळवारी खोटा होतो, शनिवारी खरा कसा झालो?"

"रेकॉर्ड खोटी होती," ऑर्विल म्हणाला.

"आणि मी वर उभा राहिलो की हसायचं ठरलंय?"

ऑर्विलने कोटाच्या खिशातून चर्चचा छापील कागद काढला. त्यावर गाण्यासमोर त्याचं स्वतःचं नाव होतं; कागद गुरुवारी सकाळीच छापून आले होते. त्याने पेनने ते खोडलं आणि वर 'थर्मन गेन्स' लिहिलं. "हे मी म्हणणार होतो. मला ते फक्त रेकॉर्डच्या वेगात येतं. तुम्ही म्हणा. मी मुलांबरोबर मागे ऊ-ऊ करतो."

म्हाताऱ्याने कागद उजेडात धरून वाचला. नाव नीट लिहिलंय का तेही बघितलं. त्याचा आमच्यावर विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. पण तो उठला.

ऑर्गनवाल्याला मी आधी सांगितलं होतं, पण सवय वाईट. रेकॉर्ड ऐकत मोठा झालेला माणूस. त्याची बोटं आपोआप वरच्या पट्टीवर गेली आणि गाणं धावायला लागलं. थर्मन तोंड न उघडता उभा राहिला. बाकांमध्ये कुजबुज सुरू झाली. "हा कोण?" "पेटवे गाणार होता ना?" "पुन्हा जुगारघरवाले आले की काय!"

मी शिट्टी काढली आणि भर चर्चमध्ये जोरात फुंकली. काळी चार.

ऑर्गन थांबला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोट हलवलं, सावकाश, सावकाश, आणि मुलांनी 'ऊ-ऊ' धरलं. थर्मनने डोळे मिटले.

पहिल्या ओळीला लोकांना गाणंच ओळखू आलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका बाईने शेजारणीला विचारलेलं मी ऐकलं, "हे नवीन काढलं का?" दुसऱ्या ओळीला शब्द ओळखीचे झाले, तशा भुवया आणखी वर गेल्या. 'येईपर्यंत' म्हणायची वेळ आली तेव्हा मुलांनी ते त्याच्यापाशी नेऊन ठेवलं, जसं मी शिकवलं होतं, आणि त्यांच्यामागून ऑर्विलचा खरखरीत आवाज आला. तो घाईत अर्धा शब्द पुढे गेला आणि परत मागे आला. मग कुजबुज बंद झाली. थर्मन शवपेटीकडे वळून गात होता. आमच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मॅकरोनी, आणि गोडाला पीचचं कॉबलर. ड्रुसिला आणि ऑर्विल एका टेबलावर आधीच जुंपले होते. ऑर्विलचं म्हणणं, खरं असो नसो, पळवलेल्या गाण्यात एक नशा आहे. ड्रुसिलाचं म्हणणं, नशेनेच त्याचं डोकं असं झालंय. थर्मन कोपऱ्यात ताट घेऊन बसला होता. अजूनही हॅट जवळच, केव्हाही उठून जाता येईल अशी.

अर्लीन त्याच्यासमोर येऊन बसली. मी शेजारीच मुलांना कॉबलर वाढत होते.

"मिस्टर गेन्स," ती म्हणाली, "मला एक सांगा. ते गाणं तुम्ही म्हटलंत तसंच आहे का मुळात? एवढंच सावकाश?"

"हो, मॅडम. कोणाला पटत नाही, पण हो."

"मला पटतं. मी ते तसंच ऐकलंय."

त्याचा काटा ताटातच थांबला.

"क्लेमंट ती रेकॉर्ड घरी लावायचा," अर्लीन म्हणाली. "आणि दर वेळी तिच्या कडेवर असं बोट टेकवायचा. गाणं आपलं जड जड चालायचं. मी ओरडायची, अहो, रेकॉर्ड खराब होईल, सुई मोडेल. तर म्हणायचा, 'थांब गं अर्लीन, त्याला जरा श्वास घेऊ दे.' मला वाटायचं, गाण्याला म्हणतोय."

थर्मनने हॅट उचलली, मला वाटलं हा निघाला. पण त्याने ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवली आणि माझ्याकडे ताट पुढे केलं.

"मिस विनी, तुमच्या मुलांचं होऊन उरलं असेल, तर थोडं कॉबलर इकडे."

पलीकडच्या टेबलावरून ऑर्विलने हाक मारली, "गेन्स, इकडे या जरा! ह्या बाईला सांगा, तो ड्रमवाला खरोखर किती जाडा होता ते."